तुम्ही विचारलंत म्हणून: शंख आणि देवदार

"कुठे मन्नारच्या आखातातली गोगलगाय, कुठे हिमालयातलं झाड! यांची तुलना कशासाठी?" पुण्यात शाळकरी मुलांना जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो.

खेकडा वाढताना जुनं कवच टाकून देतो. शंखातली गोगलगाय जुनं कवच टाकत नाही, देवदार जुनं लाकूड टाकत नाही, म्हणून मी त्यांना शेजारी बसवते.

पुजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम या गोगलगायीचं कवच. तिच्या अंगावरचा मऊ पडदा, प्रावार, कवचाच्या तोंडाशी चुन्याचा थर वाढवत जातो. अंड्यातून निघतानाचं इवलं कवच टोकाला तसंच राहतं. देवदाराचं उलट. सालीच्या आतला पातळ थर जुन्या लाकडाभोवती नवं लाकूड चढवतो आणि रोपटेपणीचं खोड गाभ्यात गाडलं जातं. एकाचं बालपण उघड्यावर, दुसऱ्याचं पोटात! वाढ म्हटलं की मुलांना फक्त मोठं होणं दिसतं. ती नेमकी कुठून होते, हे या जोडीमुळे कळतं.

देवदाराची वलयं, म्हणजे खोडात दरवर्षी चढणारे लाकडाचे गोल थर, वाचणारी माणसं तर आपल्या पुण्यातच आहेत. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम हिमालयातल्या देवदारांवर काम केलंय. खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीहून बारीक कांडी काढतात, झाड जगतं. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत पाऊस बरा झाला, ऊन बेताचं राहिलं, की वलय रुंद. कोरडा, कडक उन्हाळा असला की अरुंद. १९९६ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. हिमालयातल्या जुन्या उन्हाळ्यांचा हिशेब पाषाणला बसून लावता येतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

शंखाच्या वेढ्यांवरून मात्र वय मोजता येत नाही. एक वेढा म्हणजे एक वर्ष नव्हे, हे मुलांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आणखी एक. गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो त्या शंखाचं टोक फुंकण्यासाठी कापलेलं असतं, म्हणजे नेमका सगळ्यात जुना भाग गेलेला. देवघरातला पुजेचा शंख वाजवत नाहीत, त्यात पाणी भरतात. त्याचं टोक शाबूत असतं. म्हणून वर्गात तोच आणायला सांगते. पॉलिश करताना टोक झिजलं नसेल, तर भिंगाखाली पहिले वेढे सुटे दिसतात, आणि तिथून तोंडापर्यंत मुलं बोट फिरवत येतात.