तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षा दिली त्याच कोर्टात जामीन मिळतो का?

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या माणसाला रामबागेतल्या लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न चुकत नाही: ‘अपील लावलंय, मग ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच जामीन देईल ना?’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. त्या कोर्टाचा हा अधिकार अपिलाची सोय होईपर्यंतचा आहे, अपील चालू असतानाचा नाही.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३८९(३) हे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४३०(३) झाले. आरोपी खटला चालू असताना जामिनावर असेल, सुनावलेली कैद तीन वर्षांहून अधिक नसेल किंवा गुन्हाच जामीनपात्र असेल, आणि आपण अपील करणार आहोत हे त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर विशेष कारणाशिवाय जामीन नाकारता येत नाही. येथे पाहिली जाते ती प्रत्यक्ष सुनावलेली कैद, गुन्ह्याची कमाल शिक्षा नव्हे. मला ही रेषा फार ताठर वाटते. प्रत्येक तारखेला इमानाने हजर राहिलेला माणूस साडेतीन वर्षांची शिक्षा झाली, की त्याच दिवशी तुरुंगात जातो.

चेक बाउन्सच्या खटल्यात कमाल कैदच दोन वर्षांची असल्याने हा अर्ज तेथे नेहमीचा आहे, पण तो निकालाच्याच दिवशी द्यावा लागतो. मुचलका तयार हवा, आणि जामीनदार आपली ऋणपुस्तिका (शेतजमिनीच्या मालकीची सरकारी पुस्तिका) घेऊन बाहेर बाकावर बसलेला हवा. त्या पुस्तिकेवर आधीच्या कुणाच्या जामिनाची नोंद निघाली, तर कोर्ट उठण्याआधी दुसरा शेतमालक गाठताना वकिलाचीही दमछाक होते.

पुढचा सगळा अधिकार कलम ४३०(१) प्रमाणे अपील न्यायालयाचा: दंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयाचा, सत्र न्यायालयाच्या निकालावर येथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा. गोंधळ होतो तो येथेच, कारण वरून शिक्षा स्थगित करणाऱ्या आदेशात मुचलका आणि जामीनदार ‘विचारण न्यायालयाचे’, म्हणजे खटला चालवलेल्या कोर्टाचे, ‘समाधान होईल असा’ द्यावा असे बहुधा लिहिलेले असते, त्यामुळे पक्षकार पुन्हा त्याच न्यायाधीशांसमोर उभा राहतो आणि आपल्याला यांनीच सोडले असे समजतो. त्यांनी फक्त कागद आणि जामीनदाराची ऐपत तपासलेली असते.

म्हणून अपिलासोबतच शिक्षा स्थगितीचा अर्ज जोडावा. नुसते अपील दाखल झाल्याने खालच्या कोर्टाने दिलेली जामिनाची मुदत वाढत नाही. गुन्हा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक कैदेचा, जन्मठेपेचा वा फाशीचा असेल, तर सोडण्यापूर्वी सरकारी वकिलांना लेखी कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते, तेव्हा तेवढा वेळ हिशेबात धरावा. आणि अपील फेटाळले जाऊन कैद भोगण्याची वेळ आलीच, तर जामिनावर बाहेर काढलेले दिवस शिक्षेतून वजा होत नाहीत; हे निकालाच्या गडबडीत पक्षकाराला सहसा कोणी सांगत नाही.