ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०: २८० पीएसवर थांबवलेला रिमॅप, आतापर्यंतच्या नोंदी

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं; त्या बदललेल्या सॉफ्टवेअरला फाइल म्हणतात. गाडी २०१७ ची स्कोडा. २.० टीएसआय टर्बो पेट्रोल इंजिन, ईए८८८ मालिकेची तिसरी पिढी, आयएचआयचा आयएस२० टर्बो, सहा गिअरचा वेट क्लच डीएसजी (तेलात चालणाऱ्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). कंपनीचे आकडे २३० पीएस (पॉवर) आणि ३५० एनएम (टॉर्क). वापर पुण्यात रोजचा, अधूनमधून घाट. हार्डवेअर सगळं स्टॉक, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट. तो काढला की पीयूसी आणि विमा दोन्हीकडे पंचाईत, आणि या पातळीच्या पॉवरला ते करायची गरजही नाही.

याच टर्बोवर स्टेज १ (हार्डवेअर न बदलता फक्त रिमॅप) म्हणून ३०० पीएस आणि ४३० च्या आसपास एनएम सर्रास विकले जातात. आकडा खोटा नसतो. जानेवारीतली सकाळ, बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा, की डायनोवर (पॉवर मोजायच्या रोलरच्या यंत्रावर) येतो. पण मे महिन्यात कात्रजच्या ट्रॅफिकमधून सुटल्यावर लगेच पाय दाबला की नॉकिंग (ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं) टाळायला ईसीयू इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे खेचतो आणि वाढवलेले घोडे तिथेच गळतात. म्हणून ही फाइल वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसाला धरून केली: २८० पीएस, ४०० एनएम, त्यापुढे नाही.

फाइल चढवण्याआधी

इंजिन ऑइल ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०२ मान्यतेचं, दर ७,५०० किमीला. प्लग एका पायरीने थंड, गॅप फिलर गेजने ०.६५ मिमी. स्टॉक गॅपवर वाढीव बूस्टमध्ये (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबात) ठिणगी विझते आणि गाडी वरच्या आरपीएमला मिस मारते; नवखे लोक अशा वेळी कॉइल बदलत बसतात. इंटरकुलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपांची स्मोक टेस्ट, म्हणजे धूर सोडून गळती शोधणं. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगखाली कूलंटचे डाग नाहीत ना, हे टॉर्च लावून बघायचं. या इंजिनाचं ते जुनंच दुखणं आहे. त्यानंतर स्टॉक फाइलवरचा लॉग, म्हणजे गाडी चालवताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद. तो नसेल तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ उरत नाही.

टॉर्क कुठून

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. आयएस२० लवकर फुगतो, त्यामुळे १,८०० आरपीएमलाच ४०० एनएम देणं सहज शक्य आहे आणि चालवायला मजाही येते. पण कमी आरपीएम, जास्त बूस्ट आणि वरचा गिअर हे एकत्र आले की प्री-इग्निशनचा धोका वाढतो. ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं, आणि ते टायमिंग मागे घेऊन थांबत नाही. एका दणक्यात पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कड) तुटू शकते. म्हणून २,५०० च्या खाली ३३० एनएमचा लगाम, ३,००० ला पूर्ण टॉर्क. बूस्ट (बाहेरच्या हवेचा दाब धरून) जास्तीत जास्त २,३०० मिलिबार अ‍ॅब्सोल्यूट, ६,२०० पर्यंत उतरत २,००० वर. सहाव्यात १,५०० वरून पाय दाबून गाडी खेचायची सवय असेल, तर ती कुठल्याही ट्यूनमध्ये मोडावीच लागेल.

लॉगमध्ये काय दिसलं

व्हीसीडीएसने (लॅपटॉपवरून गाडीचे आकडे वाचायचं सॉफ्टवेअर) घेतलेल्या गोष्टी: आरपीएम, चारही सिलिंडरचं टायमिंग करेक्शन (ईसीयूने टायमिंग किती अंश मागे घेतलं), बूस्ट आणि रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या इंधनाचा दाब (दोन्ही मागितलेलं आणि प्रत्यक्ष), लॅम्डा (हवा-इंधन मिश्रण नेमक्या प्रमाणापेक्षा किती इकडेतिकडे आहे; १ म्हणजे नेमकं), इनटेक तापमान. गिअरबॉक्स मॅन्युअलमध्ये ठेवायचा आणि पेडलच्या तळाचं किकडाउनचं बटण दाबायचं नाही, नाहीतर तो मधेच गिअर उतरवतो आणि लॉग फुकट जातो. तिसऱ्या गिअरमध्ये ६,००० ला वेग कायद्याच्या बाहेर जातो, त्यामुळे पूर्ण पुल (पाय तळापर्यंत दाबून आरपीएम वरपर्यंत नेणं) फक्त डायनोवर.

पहिल्या फाइलवर ३,२०० ते ३,८०० च्या पट्ट्यात चौथ्या सिलिंडरचं करेक्शन −४.५ अंश, बाकीचे तिघं −१.५ च्या आत. चारही एकत्र मागे जात असतील तर दोष इंधनाचा किंवा उष्णतेचा. एकटाच जात असेल तर आधी त्या सिलिंडरपाशीच शोधायचं. चौथा प्लग काढला. इन्सुलेटर बाकीच्यांपेक्षा पांढुरका, त्यावर भिंगातून दिसतील असे दोनतीन काळे कण. चकचकीत कण असते तर तो पिस्टनचा अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे काम तिथेच बंद. कारण साधं निघालं: प्लगचा वॉशर पूर्ण दबलेला नव्हता, त्यामुळे प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नव्हती. नवा प्लग, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधला टॉर्क, आणि करेक्शन इतरांच्या रांगेत आलं. फाइलला हात लावावा लागला नाही.

इनटेक तापमान पुलच्या सुरुवातीला ४२, शेवटी ५१ अंश. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की ६० च्या वर. फाइलमध्ये ५० पासून टायमिंग आणि ६० पासून बूस्ट आपोआप कमी होतो. हा तक्ता मोकळा सोडून पॉवर दाखवणाऱ्या ट्यूनरपासून लांब राहिलेलं बरं.

इंधन आणि उंची

ई२० ची (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची) भीती थोडी चुकीच्या जागी आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगलं तोंड देतं. अडचण प्रमाणाची आहे. शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० चं साडेतेराच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन ८-९ टक्के जास्त. तो भार हाय प्रेशर पंपावर पडतो. मागितलेल्या २०० बारपैकी प्रत्यक्षात १८० च्या खाली आलं तर आमच्या हिशेबाने फाइल खाली आणायची. गेजवर एएफआर (हवा-इंधन प्रमाणाचा आकडा) बघू नका, लॅम्डा बघा. इंधन बदललं तरी लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) टाकलं की करेक्शन जवळपास शून्यावर येतं, पण फाइल त्याच्या भरवशावर केलेली नाही, कारण ते प्रत्येक पंपावर मिळत नाही.

उंचीचं गणित बरेच जण विसरतात. तेच २,३०० मिलिबार मुंबईत टर्बोकडून २.३ पट दाब मागतात, महाबळेश्वरला सुमारे २.७ पट. टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापते. म्हणून हवेचा दाब ९०० मिलिबारच्या खाली गेला की बूस्टचं लक्ष्य उतरतं.

डीएसजी

टीसीयूची (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची) टॉर्क मर्यादा ४०० एनएमला जेमतेम पुरेल एवढीच वाढवली, क्लॅम्पिंग प्रेशर (क्लच दाबून धरणारा दाब) थोडं वर. ऑइल आणि फिल्टर कंपनीच्या ६०,००० ऐवजी ४०,००० किमीला. चौथ्यात जोर लावल्यावर आरपीएम चढतोय पण वेग त्या मानाने नाही, असं दिसलं तर क्लच घसरतोय. मग पॉवर वाढवायचा विषयच नाही.

पुढचं काम इंटरकुलर. जाड कोअरचा, स्टॉक जागी बसणारा. पॉवरचा आकडा तोच राहील. बघायचं आहे ते ट्रॅफिकमधून सुटल्यावर ६० चे ४५ अंश व्हायला किती वेळ लागतो ते. एसीच्या कंडेन्सरला आणि रेडिएटरला हवा कमी पडून कूलंट तापत असेल, तर स्टॉक इंटरकुलर परत बसेल.