सीएस सोडलं, झुरळ घेतलं

परवा आमच्या तालुक्यातल्या एका मुलीचा मेसेज आला, ताई मी अकरावीला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) घेतलंय, बायो नाहीये, आणि आता मला व्हेटर्नरीला जायचंय, लय उशीर झाला का? रिप्लाय टाईप करायला बसले तर तो इतका लांबला की म्हटलं सगळ्यांसाठीच टाकते.

मी पण तीच होते ना. जळगाव जिल्हा, केळीचा पट्टा, दहावीला मॅथ्समध्ये चांगले मार्क, म्हणजे पोरगी इंजिनिअर होणार हे घरातच काय भावकीतसुद्धा ठरून गेलेलं. अकरावीला पीसीएम विथ सीएस, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, घेतलं. बायफोकलवाल्यांना, म्हणजे असा व्यवसाय विषय घेतलेल्यांना, माहीत असेल, सीएस २०० मार्कांचं, ते घेतलं की बायो पण सुटतं आणि सेकंड लँग्वेज पण सुटते, वर मार्क पण भरभरून पडतात. मला बायो सुटल्याचा तर आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. बेडकाचं चित्र काढणं हा माझ्या दृष्टीने छळ होता.

मग ऑगस्ट २०२२. लम्पी आला, गुरांच्या अंगावर गाठी आणणारा रोग. त्या साथीची राज्यातली पहिली बातमी आमच्याच भागातली, रावेर तालुक्यातल्या चिनावलची. कॉलेज सुरू होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. पोळ्याला आबांनी बैल दारातच सजवले, गावात नेले नाहीत, आणि पुढच्या पंधरा दिवसांत आमच्या गावरान गाईच्या अंगावर गाठी दिसायला लागल्या. ताप, पाय सुजलेले, खाणं बंद. गोठ्यात कडुनिंबाचा धूर, जखमांवर माश्या बसू नयेत म्हणून सतत कोणीतरी उभं. गाय वाचली. वासरू नाही वाचलं.

बाकीच्या गुरांना लस टोचायला तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. बाटलीवर गोट पॉक्स लिहिलेलं. मी आपलं सहज विचारलं, सर गाईला शेळीची लस का? मला वाटलं दुसरी संपली असेल म्हणून हीच देतायत. ते म्हणाले की लम्पीचा विषाणू आणि शेळ्यामेंढ्यांच्या देवीचा विषाणू एकाच घरातले, कॅप्रीपॉक्स, त्यामुळे एकाची ओळख करून दिली की शरीर दुसऱ्याला पण अडवतं. आणि जाता जाता म्हणाले, माणसाच्या देवीवर पहिली लस निघाली ती गाईच्याच देवीवरून, वॅक्सीन हा शब्दच लॅटिनमधल्या गाईवरून आलाय, तुम्हाला शिकवत नाहीत का? मी म्हटलं मला बायो नाहीये. हे बोलताना पहिल्यांदा मला कसंतरी झालं. हाताला दुसऱ्या दिवशी दुखेल असं गुरं धरून ठेवायचं काम मी त्या दिवशी चार तास केलं आणि घरी येऊन सी प्लस प्लसचा प्रोग्राम लिहायला बसले तर लक्षच लागेना.

तरी दिवाळीपर्यंत कोणाला बोलले नाही. बोलले तेव्हा पप्पा एवढंच म्हणाले, ढोरांची डॉक्टर? आई म्हणाली मग माणसांचीच हो की, प्रवेश परीक्षा तर तीच आहे, नीट. हे वाक्य पुढे मी किमान पन्नास लोकांकडून ऐकलं, आणि मला त्याचा खूप राग येतो, कारण सगळे धरूनच चालतात की व्हेटर्नरी म्हणजे एमबीबीएस हुकलेल्यांची जागा. आबांनी मात्र वेगळंच विचारलं. रात्री दोनला कोणाची म्हैस अडली आणि फोन आला तर कोण जाईल, तू? मी म्हटलं हो. म्हणाले मग आधी गाडी शीक.

डिसेंबरमध्ये विषय बदलाचा अर्ज दिला. ऑफिसमधल्या क्लार्ककाकांनी तो तीनदा वाचला, बायोतून सीएसला जाणारे येतात म्हणे, उलटं कोणी येत नाही. आणि इथे एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, सीएस सोडलं की एक नाही, दोन विषय अंगावर येतात, बायो आणि मराठी. मॅथ्स मी ठेवलं, भीतीपोटी, की नाहीच जमलं तर परत फिरायला रस्ता असावा. बायोच्या सरांची अट एकच, जर्नल पहिल्या पानापासून पूर्ण पाहिजे आणि झेरॉक्ससारखं नको. म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरची सगळी प्रॅक्टिकल्स. मैत्रिणीचं जर्नल घेऊन संक्रांतीपर्यंत मी फक्त पेन्सिल चालवत होते.

आणि अभ्यासाला पहिलाच धडा कोणता हाती लागावा, तर झुरळ. मी गाईसाठी आलेली बाई आणि मला झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे असतात ते पाठ करायचंय. खरा त्रास अवघडपणाचा नव्हता, तो सवयीचा होता. पीसीएमवाल्याला वाटतं एक फॉर्म्युला कळला की चाळीस गणितं सुटली. बायोत असं काही नसतं, तिथे प्रत्येक गोष्टीला स्वतःचं नाव असतं आणि ते नाव दुसऱ्या कशावरूनही काढता येत नाही. मी पहिला महिना लॉजिक शोधण्यात घालवला. दुसऱ्या महिन्यात गुपचूप मोठ्याने वाचायला लागले, आबांना वाटायचं पोथी वाचतेय.

नीटचा हिशोब मांडला तेव्हा पोटात गोळाच आला, १८० प्रश्नांत ९० बायोचे, ७२० पैकी ३६० मार्क. म्हणजे जे मी सोडून दिलं होतं तोच अर्धा पेपर. त्यात बोर्डाला स्टेटचं पुस्तक आणि नीटला एनसीईआरटी, एकच धडा दोनदा.

बारावी झाली, २०२४ ची नीट दिली. त्या वर्षीच्या पेपरफुटीच्या गोंधळाचं काय सांगायचं, सगळ्या देशाला माहितीये. रिझल्ट ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशीच, घरात सगळे टीव्हीसमोर आणि मी मोबाईल घेऊन गच्चीवर. ७२० पैकी ७२० वाले आधी ६७, मग फेरनिकालात १७. मला वाईट मार्क नव्हते पण त्या वर्षी त्या मार्कांना रँकच नव्हती. ड्रॉप घेतला. त्या वर्षाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, उठायचं, वाचायचं, झोपायचं.

२०२५ ला मात्र गंमत झाली. ४ मेचा फिजिक्सचा पेपर इतका बेक्कार होता की माझ्या शेजारची मुलगी हॉलमध्येच रडायला लागली. आणि मी, जिचं मॅथ्स वाया गेलं असं तीन वर्षं सगळे म्हणत होते, मी तो शांतपणे सोडवत होते, कारण कॅल्क्युलेशनची सवय हाडात होती. मार्क आधीच्या वर्षापेक्षा कमीच पडले, पण ते सगळ्यांचेच पडले. सीट मिळाली.

तर मेसेजवाल्या मुली, तुझ्यासाठी. तू अजून अकरावीत आहेस, म्हणजे बारावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत कॉलेजला अर्ज दे, फोनवर विचारू नको, जाऊन दे. बारावी झाली असती तर तुरळक विषय म्हणून, म्हणजे नुसता तेवढाच एक विषय, बायो देण्याचा मार्ग होता, पण तिथे आधी प्रवेशवाल्यांकडून लेखी विचारून घ्यावं लागलं असतं. एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, नोव्हेंबर २०२३ मध्ये जास्तीचा विषय म्हणून नंतर बायो दिलेल्यांना मोकळीक दिली ती बातमी तू पण वाचली असशील, पण ती संस्था एमबीबीएसची, व्हेटर्नरी कौन्सिल वेगळी. आणि नीट झाल्यावर मेडिकलच्या यादीत आपलं कॉलेज शोधत बसू नको, नागपूर, परळ, परभणी, उदगीर, शिरवळ ही सगळी पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. साडेपाच वर्षं लागतात, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, हे घरी आत्ताच सांगून ठेव, नंतर सांगितलं की भांडण होतं. मॅथ्स सोडू नको. पुढे अनुवंशशास्त्रात स्टॅटिस्टिक्स येतं म्हणे, सिनियर्स त्याच्या नावाने रडतात, मी वाट बघतेय.

काल आबांचा फोन, म्हैस दोन दिवस नीट खात नाहीये, काय देऊ? मी म्हटलं आबा तालुक्याच्या डॉक्टरांना बोलवा. मग तू तिकडे काय शिकते?

हाडं, आबा. अजून हाडंच चालू आहेत.