क्लोरीन कोरडा की ओला?

हॅलोजनसाठी (म्हणजे क्लोरीन, ब्रोमीन, फ्लोरीन, आयोडीन या मूलद्रव्यांसाठी) सामान निवडताना बहुतेक जण आधी ‘कोणता धातू टिकेल?’ असं विचारतात. त्याआधी विचारायला हवं, की ओलावा किती आहे?

क्लोरीनच घ्या. कोरडा क्लोरीन साध्या कार्बन स्टीलच्या सिलिंडरमध्ये वर्षानुवर्षं राहतो. त्यात पाणी शिरलं की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि तेच स्टील झपाट्याने गंजतं. टायटॅनियमचं नेमकं उलट. ओल्या क्लोरीनमध्ये पाण्यामुळे त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर शाबूत राहतो. कोरड्या क्लोरीनमध्ये ते पेट घेऊ शकतं, तेही खोलीच्या तापमानाला. म्हणून महागडा धातू म्हणजे जास्त सुरक्षित, हा हिशेब इथे जिवावर बेतू शकतो. स्टीलही फार तापू द्यायचं नाही: २५०° से.च्या आसपास ते क्लोरीनमध्ये जळू लागतं.

गळती शोधताना अमोनियाच्या द्रावणाची नुसती वाफ सांध्याजवळ सोडायची. पांढरा धूर उठला की गळती तिथेच. द्रावण व्हॉल्व्हवर पडू द्यायचं नाही, पितळ खराब होतं. गळत्या सिलिंडरवर पाणी मारणं ही सगळ्यात घातक चूक: भोवतीचं स्टील गंजून भोक मोठं होत जातं. शिशाचा वॉशर दर जोडणीला नवा घालायचा, आणि सिलिंडर सोडवताच व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपी बसवायची. उघड्या तोंडातून हवेतली दमट वाफ आत जाते आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्ह फिरतच नाही.

ब्रोमीनचा त्रास वेगळा. घनता पाण्याच्या ३.१ पट, उत्कलनबिंदू ५९° से.; पिपेटमध्ये ओढला की वाफेच्या दाबाने लगेच ठिबकू लागतो. बाटली आणि पिपेट आधी गार करायची, सगळं फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), आणि सांडलेला ब्रोमीन निकामी करायला सोडियम थायोसल्फेटचं १० टक्के द्रावण बाटली उघडण्याआधीच शेजारी ठेवायचं. ब्रोमीन लागलेलं भांडं ॲसिटोनने धुऊ नये. ब्रोमोॲसिटोन तयार होतो, म्हणजे अश्रुधूरच.

फ्लोरीनला निकेल किंवा मोनेल (निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू) लागतं. त्यावर फ्लोराइडचा घट्ट थर बसतो आणि आतला धातू वाचतो. पण ओलावा असेल तर हायड्रोजन फ्लोराइड होतो आणि तो काचही खातो.

आयोडीन त्या मानाने सोपं. फक्त स्टीलचा चमचा वापरू नका, चिनी मातीचा घ्या. आणि अमोनियाची बाटली त्याच्यापासून लांब ठेवा: दोन्हींपासून तयार होणारा नायट्रोजन ट्रायआयोडाइड वाळल्यावर पिसाच्या स्पर्शानेही फुटतो.