पडद्यावरचं गिधाड

गेल्या मंगळवारी फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या तासाला पडद्यावर गिधाड आलं. पांढऱ्या पाठीचं, मान लोंबकळलेली. वर ‘इंडिया’ असं लिहिलेलं. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “तुला काही सांगायचंय याबद्दल?” सगळा वर्ग माझ्याकडे वळला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, “२००६ साली आम्ही गुरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली.” ‘आम्ही’ म्हणजे जणू मीच सही केली होती.

अमेरिकेत कोलोरॅडोत मी व्हेटरनरी टेक्निशियनचा, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांच्या मदतनिसाचा कोर्स करतेय. भूल देताना जनावरावर लक्ष ठेवायचं, रक्त काढायचं, सलाईन लावायचं, औषध मोजून द्यायचं. निदान, प्रिस्क्रिप्शन आणि शस्त्रक्रिया डॉक्टरांची. औषध मोजण्याबाबत आमच्या बाई फार कडक आहेत. ‘.५ मिली’ लिहिलं तर उत्तर बरोबर असूनही गुण नाही, ‘०.५’च हवं. टिंब नजरेतून सुटलं की पाच मिली भरले जातात आणि तीन किलोच्या मांजराला दहापट औषध जातं. पहिल्या चाचणीत माझे सहा गुण असे गेले. तेव्हा राग आला होता, आता मनापासून पटलंय. इथल्या मुली मात्र पौंडाचे किलो करताना २.२ने भागायला विसरतात. आपल्याला किलो अंगवळणी पडलेला. त्यात मी वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे, हेही सांगून टाकते.

तर गिधाड. त्या दिवशी विषय होता वेदनाशामकांचा. एकच औषध दोन प्राण्यांच्या शरीरात किती वेगळं वागतं, हे शिकवायचं होतं. पॅरासिटामॉल आपण घरात चण्याफुटाण्यासारखं ठेवतो, पण मांजराच्या यकृताला ते नीट निकामी करता येत नाही. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. डायक्लोफेनॅकने गाईचा ताप आणि सूज उतरते. पण ते औषध दिल्यावर थोड्या दिवसांत मेलेली गाय गिधाडाने खाल्ली तर त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि हृदय-यकृतावर युरिक ॲसिडचा पांढरा थर चढतो. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून हे २००४ साली सिद्ध झालं. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं तोवर शंभरातली नव्व्याण्णव संपत आली होती. सगळ्यात जास्त टोचलेला आकडा पुढचा: एवढा ऱ्हास व्हायला मेलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत ते औषध असलं तरी पुरतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बापरे, किती निष्काळजीपणा!”

तिथे माझं डोकं तापलं. माण तालुक्यातल्या आमच्या घरी कपिली नावाची गाय होती. व्यायल्यावर तिची कास दगडासारखी झाली, वासराला जवळ येऊ देईना. पशुधन पर्यवेक्षक मोटरसायकलवरून आले, काचेच्या बाटलीतून भरलेलं इंजेक्शन तिच्या मानेत दिलं. आजी तिच्या पाठीवर हात फिरवत उभी होती. दुसऱ्या दिवशी कपिलीने कडबा खाल्ला, तेव्हा आजीने देवापुढे साखर ठेवली. हा निष्काळजीपणा नव्हता. आपल्याकडे म्हातारी गाय खाटकाकडे पाठवायची नाही म्हणून लोक शेवटच्या श्वासापर्यंत तिला औषधपाणी करतात आणि मेल्यावर माळावर टाकतात. गिधाडं मेली ती या मायेच्या वाटेने आलेल्या औषधाने.

मग मी बोललेच. म्हटलं, भारतात काय झालं हे जगजाहीर असताना स्पेनने २०१३ साली गुरांसाठी याच औषधाला परवानगी दिली, आणि पुढे तिथेही एक काळं गिधाड त्यानेच मेलेलं सापडलं. तुमच्याकडे पेंटोबार्बिटाल हे औषध टोचून दयामरण दिलेलं जनावर नीट पुरलं नाही तर ते खाऊन गरुड मरतात. औषधाच्या बाटलीवर ‘दूध किती दिवस वापरू नका, मांस किती दिवस खाऊ नका’ असा काळ असतो, तो माणसासाठी. गरुड आणि गिधाड त्यात कुठे मोजलंय? बाई म्हणाल्या, “हा प्रश्न तू परीक्षेतही लिही.”

घरी येताना मात्र राहिलेलं आठवत होतं. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या; २०१५ साली ३ मिलीच्या वर बाटली नको असा नियम करावा लागला. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही गिधाडांना घातक असलेली आणखी दोन औषधं जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. हे मी वर्गात सांगितलं नाही.

रात्री गावी अण्णांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “डायक्लोच द्यायचे तेव्हा,” म्हणाले. “तासाभरात जनावर उठून उभं राहायचं. कपिली मेली तेव्हा माळावर न्यायला मीच होतो. चार दिवस नुसती कुत्री. मला वाटलं, दुष्काळानं गिधाडं दुसरीकडं गेली असतील.” थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

“अण्णा, आता गोठ्यात कुठली बाटली आहे?”

गोठ्यात अंधार असतो म्हणून ते बॅटरी घेऊन गेले. चष्मा घरात राहिला होता म्हणून एकेक अक्षर लावून वाचू लागले. एम. ई. एल. ओ. एक्स. मी खुर्चीत मागे टेकले. मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सोसतं.

“बरं आहे का हे?”

“बरं आहे.”

“मग किती द्यायचं गं? हिचं वजन साडेतीनशे किलो तरी भरंल.”

हिशेब डोक्यात होऊनही गेला होता. म्हटलं, “ते डॉक्टरांनाच विचारा, अण्णा. मला सांगायची परवानगी नाही.”