५०० मिली सीरम, अकरा आठवडे

इंडेंटच्या, म्हणजे खरेदीच्या मागणीच्या, फॉर्मवर 'वस्तूचे वर्णन' असा दीड इंचाचा रकाना असतो. त्यात मी 'फीटल बोव्हाइन सीरम, ५०० मिली, १ नग' (गर्भस्थ वासराच्या रक्ताचं सीरम, लॅबमधल्या पेशींचं खाणं) एवढंच लिहिलं आणि तिथेच घोळ झाला. विद्यापीठाच्या व्हायरॉलॉजी लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून येणाऱ्या पुढच्या माणसाला एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी या रकान्याबद्दल सांगेन. मुलाखत, रुजू होणं, बायोसेफ्टीचं प्रशिक्षण हे सगळं सुरळीत पार पडतं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आमचं काम डेंग्यूवर, बीएसएल-२ (जैवसुरक्षा पातळी २) लॅबमध्ये. विषाणू वाढवायचा डासाच्या सी६/३६ पेशींत, २८ अंशाला, आणि मोजायचा व्हेरो पेशींवर, ३७ अंशाला ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये. (सी६/३६ ही जगभर वापरली जाणारी पेशी-लाइन, म्हणजे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवता येणाऱ्या पेशी. तिची मूळ पेशी-लाइन १९६७ साली पुण्यात, आज एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था) म्हणतो त्या संस्थेत तयार झाली होती. आमच्यातल्या निम्म्या जणांना हे ठाऊक नसतं.) व्हेरो म्हणजे आफ्रिकन ग्रीन माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी, १९६२ साली जपानमधल्या चिबा विद्यापीठात वेगळ्या केलेल्या. त्या इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारं प्रथिन) तयार करत नाहीत, म्हणून विषाणू त्यांच्यावर मोकाट वाढतो. पण दोन्ही पेशींना खायला तेच लागतं: मीडियात (पोषक द्रवात) १० टक्के सीरम.

आधी हिशोब करा. मी तो उशिरा केला. २४ वेलची (खळग्यांची) एक प्लेट, वेलला १ मिली मीडिया, म्हणजे प्लेटमागे २.४ मिली सीरम. वरच्या ओव्हरलेमध्ये (पेशींवर ओतायच्या घट्ट थरात) २ टक्क्यांनी आणखी अर्धा मिली. आठवड्याला आठ प्लेट धरल्या तर २३ मिली. व्हेरोचे दोन टी-७५ फ्लास्क, प्रत्येकी १५ मिली मीडिया, आठवड्यातून दोनदा, की झाले ६ मिली. सी६/३६चे दोन छोटे फ्लास्क, १ मिली. एकूण ३०. म्हणजे बाटली सोळा आठवडे पुरते. खरेदीला अकरा आठवडे लागत असतील तर फ्रीझरमध्ये ३३० मिली शिल्लक असतानाच इंडेंट गेलेला हवा. माझ्याकडे तेव्हा १५० होतं.

आता तो रकाना. नुसतं 'एफबीएस' (फीटल बोव्हाइन सीरमचं लघुरूप) लिहिलं की तीन कोटेशनमध्ये तीन वेगळ्या वस्तू येतात: एक दक्षिण अमेरिकन, एक ऑस्ट्रेलियन, एक कुठलं ते सांगितलेलंच नाही. तुलनात्मक तक्त्यात मात्र तिन्ही एकाच ओळीत बसतात आणि सगळ्यात स्वस्त पास होतं. म्हणून वर्णनाच्या जागी 'सोबतचा तपशील पाहा' लिहून वेगळं पान जोडा. त्या पानावर: मूळ देश, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) मिलीला १० युनिटपेक्षा कमी, हिमोग्लोबिन १०० मिलीमागे २५ मिलिग्रॅमपेक्षा कमी, ०.१ मायक्रॉनच्या फिल्टरमधून तीनदा गाळलेलं. मायकोप्लाझ्मा हा पेशींना लागणारा सूक्ष्म जिवाणू आणि बीव्हीडी हा गुरांचा विषाणू, या दोन्हींसाठी तपासलेलं. लॉटनुसार (उत्पादनाच्या खेपेनुसार) विश्लेषण प्रमाणपत्र. मुदत संपायला किमान दोन वर्षं बाकी. पुरवठा गोठलेल्या अवस्थेत, ड्राय आइसमध्ये, सोमवार ते बुधवार. आकडे मर्यादेत लिहा, एखाद्या कंपनीच्या कॅटलॉगमधून जसेच्या तसे उचलू नका. 'विशिष्ट पुरवठादारासाठी बेतलेले तपशील' असा शेरा मारून फाईल परत येते, आणि तो शेरा पुसायला कारणमीमांसेचं पत्र लागतं.

मी शहाणपणा करून मराठी वर्णनही जोडलं होतं: 'गर्भस्थ वासराच्या रक्तापासून मिळणारा द्रव'. त्याआधी खरेदी विभागातून फक्त एवढंच विचारलं होतं, "सीरम म्हणजे चेहऱ्याला लावतात तेच ना? मग एवढं महाग कसं?" मराठी वाचल्यावर कोणी काहीच विचारलं नाही, फाईल नुसती ढिगाच्या तळाला गेली. दोन आठवडे तिथेच. तांत्रिक नाव ठेवून पुढे 'पेशीसंवर्धनासाठी आयात पूरक घटक' लिहिलं की पुरे. त्यात खोटं काही नाही.

पुढचे तीन आठवडे कोटेशन गोळा करण्यात गेले. तक्ता तयार झाला आणि परत आला, कारण दोघांनी दर जीएसटीसकट दिले होते, तिसऱ्याने जीएसटी वेगळा दाखवला होता, आणि ड्राय आइसचं भाडं एकाच कोटेशनमध्ये होतं. कोटेशन मागवतानाच ईमेलमध्ये लिहा: मूळ दर, जीएसटी, वाहतूक, ड्राय आइस, चारही वेगळे. दुरुस्त तक्ता पोचला तेव्हा मार्चचा शेवट होता. ३१ मार्चच्या आसपास लेखा विभाग नवी फाईल हातात घेत नाही. १ एप्रिलनंतर प्रकल्पाचं नव्या वर्षाचं हेड (खर्चाचं खातं) उघडेपर्यंत 'निधी उपलब्ध'चा शिक्का मिळत नाही. तो मिळाला आणि कळलं की कोटेशनची मुदत ३० दिवसांची होती, ती संपली. सगळं पुन्हा मागवा. यात कोणाची चूक काढायची हे मला अजून समजलेलं नाही. प्रत्येक टेबलाने आपलं काम नियमाप्रमाणेच केलं. पण फाईलचा प्रवास दोन महिन्यांचा आणि कोटेशनचं आयुष्य एक महिन्याचं, हे गणित एकालाही दिसू नये? मुदत ९० दिवसांची मागा. विक्रेते देतात, फक्त आधी मागावी लागते. आणि फाईल कुठे आहे हे विचारायला जाताना आवक क्रमांक हवाच. त्याशिवाय गेलं की "पुढे पाठवली" हे एकच उत्तर मिळतं.

या काळात पेशी जगवायच्या कशा? पहिलं काम, सीरम असतानाच पेशी गोठवा. संपत आल्यावर गोठवू म्हटलं की तेवढंही उरत नाही. ७० टक्के मीडिया, २० टक्के सीरम, १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रावक). १ मिलीच्या व्हायलमध्ये १० ते २० लाख पेशी. दहा व्हायलना जेमतेम २ मिली सीरम लागतं. मिनिटाला एक अंश या वेगाने थंड व्हायला आयसोप्रोपेनॉलच्या डब्यात ठेवून उणे ८० मध्ये रात्रभर, मग द्रव नायट्रोजनमध्ये. डीएमएसओ मिसळल्यावर हूडमध्ये गप्पा मारत बसू नका, खोलीच्या तापमानाला तो पेशींना बाधतो.

दुसरं, व्हेरो १० ऐवजी ५ टक्के सीरमवरही चालतात. फ्लास्क भरायला एखाददुसरा दिवस जास्त लागतो, बाकी तक्रार नसते. फक्त १:८ स्प्लिट करायची (एका फ्लास्कच्या पेशी आठांत वाटायची) सवय असेल तर १:३ वर या, विरळ पेशी कमी सीरमवर रुसतात. उलट 'वाचवू' म्हणून फ्लास्क आठवडाभर तसाच ठेवू नका. गच्च भरलेल्या व्हेरो कडेपासून चादरीसारख्या सुटतात, आणि त्यातून वाचलेल्यांवर प्लाक (विषाणूने पेशी मारून पाडलेली भोकं) धड येत नाहीत.

तिसरं, शेजारच्या लॅबमधून सीरम उसनं आणा, पेशी आणू नका. मायकोप्लाझ्मा असाच घरात येतो. त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग नाही, मीडिया गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. पेशी फक्त हळू वाढतात आणि टायटर, म्हणजे मिलीमागे मिळणारं विषाणूंचं प्रमाण, घसरत जातो. पीसीआर करा किंवा डीएनएचा फ्लुरोसंट रंग देऊन केंद्रकाबाहेर ठिपके दिसतात का पाहा.

आणि शेवटचे ५० मिली हातचे ठेवा, नव्या लॉटशी तुलना करायला. हे मला ऐन वेळी आठवलं.

अकराव्या आठवड्यात, मे महिन्यात, बाटली आली. शुक्रवारी संध्याकाळी. थर्मोकोलच्या डब्यात ड्राय आइसचा मागमूस नाही, बाटलीत मधोमध बर्फाचा गोळा आणि भोवती पिवळसर द्रव. चलनावर सही करण्याआधी डब्यात थर्मामीटर ठेवून फोटो काढा आणि चलनावरच 'अंशतः वितळलेल्या अवस्थेत प्राप्त' असं लिहा. सही झाल्यावर कोणी ऐकत नाही. थर्मामीटरवर ४ अंश होते, म्हणून ठेवून घेतलं. कोमट झालं असतं तर परत केलं असतं. भांडार विभागाला मात्र साठा नोंदवहीत नोंद झाल्याशिवाय वस्तू हलू द्यायची नव्हती, आणि नोंदवहीवाले सोमवारी येणार होते. नाशवंत माल थेट लॅबने ताब्यात घेण्याची परवानगी विभागप्रमुखांच्या सहीने आधीच भांडारात देऊन ठेवा. अर्ध्या पानाचं पत्र आहे.

उरलेला गोळा ४ अंशाला रात्रभर वितळू द्या, अधूनमधून बाटली हलक्या हाताने फिरवा. घाईने ३७ अंशाला टाकली की जास्त धागे पडतात. थोडे धागे, पांढुरका गाळ चालतो, तो फायब्रिन आणि चरबीचा असतो. फिल्टर करू नका, फिल्टरच तुंबतो. पूरक प्रथिनं (कॉम्प्लिमेंट, रक्तातली प्रतिकारशक्तीची प्रथिनं) निष्क्रिय करायची असतील तर ५६ अंशाला ३० मिनिटं, आणि घड्याळ आतला द्रव ५६ला पोचल्यापासून लावा. शेजारी तेवढंच पाणी भरलेल्या दुसऱ्या बाटलीत थर्मामीटर ठेवला की कळतं. मग ५० मिलीच्या ट्यूबमध्ये ४५ मिलीच भरा. गोठताना फुगून झाकण तडकतं.

नवं सीरम लगेच प्रयोगात घ्यायचं नाही. जुन्या आणि नव्या लॉटवर पेशी शेजारी शेजारी तीन वेळा स्प्लिट करून ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या पेशींना लागणाऱ्या रंगाने) मोजा. मग टायटर माहीत असलेला विषाणूचा एक स्टॉक दोन्हींवर लावा. वेलला १ लाख पेशी, दुसऱ्या दिवशी दहापटीची डायल्यूशन्स, २०० मायक्रोलिटर, तासभर, दर १५ मिनिटांनी प्लेट झुलवून, नाहीतर मधल्या पेशी सुकतात आणि ते वर्तुळ प्लाकसारखं दिसतं. त्यावर १ टक्का सीएमसीचा (घट्टपणा आणणाऱ्या सेल्युलोजचा) ओव्हरले. सीएमसीची पावडर पाण्यात भुरभुरत, चुंबक फिरत असताना टाका. उलट केलं तर गुठळ्या दुसऱ्या दिवशीही विरघळत नाहीत. पाच ते सात दिवस इन्क्युबेटरमधली प्लेट हलवायची नाही. हलवली तर प्लाकना शेपट्या फुटतात. फॉर्मलिन, क्रिस्टल व्हायोलेट, धुणं. १०⁻⁴ डायल्यूशनच्या वेलमध्ये ३२ प्लाक आले, म्हणजे मिलीला १६ लाख पीएफयू (प्लाक पाडणारी एककं). जुन्या लॉटवर २८ होते. तिपटीच्या आत फरक असेल तर आम्ही लॉट पास धरतो.

ट्यूबवर लॉट नंबर, तारीख, 'निष्क्रिय केलेलं' की नाही, हे तिन्ही लिहा. मार्कर अल्कोहोलने पुसला जातो, वर पारदर्शक टेप लावा. रिकाम्या बाटलीचं लेबल सोलून लॅबच्या वहीत चिकटवा, ऑडिटला तेच मागतात.

पुढचा इंडेंट त्याच सोमवारी दिला, तपशिलाच्या पानासकट. आवक क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.