हैफाच्या पायऱ्यांवर, मोरपिसं मोजताना

तेल अवीवहून ट्रेनने हैफाला तासाभरात पोचलो. सगळे वर कार्मेल डोंगरावर बहाई बागा बघायला जातात, मी आधी खाली वादी सालिब या जुन्या अरब वस्तीत शिरलो, कारण सॅकमध्ये पॅलेस्टिनी लेखक घस्सान कनाफानीची ‘रिटर्निंग टू हैफा’ होती आणि 1969 ची ही छोटीशी कादंबरी वाचल्यापासून हे शहर डोक्यातून जातच नव्हतं. दगडी कमानींची घरं, खिडक्या सिमेंटच्या ब्लॉकने बुजवलेल्या, एका खिडकीच्या फटीतून अंजीर बाहेर आलेलं. एप्रिल 1948 मध्ये, इस्रायल स्थापन होतानाच्या लढाईत, हैफातले हजारो अरब बंदराकडे धावले आणि बहुतेकांना परत येताच आलं नाही.

कादंबरीतले सईद आणि सफिया त्याच लोंढ्यात ढकलले जातात, पाच महिन्यांचं बाळ घरात राहतं. वीस वर्षांनी, 1967 च्या युद्धानंतर, ते आपल्याच घराची बेल वाजवतात तर दार उघडते मिरियम, पोलंडहून आलेली ज्यू बाई, जिचे वडील ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत मेले. तिने वाढवलेल्या त्या बाळाचा आता डोव्ह झालाय, अंगावर इस्रायली सैन्याचा गणवेश, आणि तो सख्ख्या आईबापाला विचारतो की मला टाकून गेलातच कसे.

कनाफानी स्वतः पॅलेस्टिनी लढ्याचा प्रवक्ता, 1972 ला बैरुतमध्ये गाडीतल्या बॉम्बने मारला गेला. आणि त्यानेच लिहिलंय की मेलेलं अरब पोर ट्रकमध्ये लाकडासारखं फेकलेलं मिरियमने बघितलं आणि तिला जर्मनांनी मारलेला आपला धाकटा भाऊ आठवला! तरी घर ती सोडत नाही, सईदही हक्क सोडत नाही, म्हणतो आता युद्धच लागेल. मला हे पटत नाही, पण त्याच्या जागी मी काय बोललो असतो हेही सुचत नाही.

सॅकमध्ये इस्रायली लेखक यिझहारची ‘खिर्बेत खिझे’ पण होती, 1949 ची, अरब गाव रिकामं करणाऱ्या इस्रायली सैनिकाने सांगितलेली. त्याची लाज खरी आहे, पण गावकरी जवळजवळ मुकेच राहतात, ते मला फार लागलं.

पायरीवर बसून कनाफानीचं एकच पान परत काढलं. सईदला फुलदाणीत आपली जुनी मोरपिसं दिसतात, सात होती, आता पाचच. उरलेली दोन कुठे गेली विचारल्यावर मिरियम म्हणते, डोव्हने लहानपणी खेळताना हरवली असतील.